कान वाजतात, धास्ती वाटते आणि गांजाही चालू आहे: या तिढ्यातून बाहेर कसं पडायचं

कान वाजतात म्हणून डॉक्टरांकडे गेलेला माणूस बऱ्याचदा एक गोष्ट सांगतो आणि दोन लपवतो. सांगतो तो आवाज. लपवतो ती छातीतली धडधड आणि रात्रीचे दोन झुरके. मग कान तपासून होतात, रिपोर्ट चांगला येतो, ‘काही नाही, दुर्लक्ष करा’ असं ऐकून तो घरी येतो आणि त्याच रात्री पुन्हा कानात शिट्टी सुरू होते. दुर्लक्ष करता आलं असतं तर तो गेलाच कशाला असता?

हा लेख अशा लोकांसाठी आहे: ज्यांच्या कानात सतत सूं, किर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, ज्यांचा स्वभाव मुळात काळजी करण्याचा आहे किंवा हल्ली झाला आहे, आणि जे गांजा, चरस किंवा भांग नियमित घेतात, नाहीतर नुकतीच सोडली आहे. आवाज कायमचा बंद करण्याचा उपाय इथे नाही. तसा खात्रीचा उपाय आज कुणाकडेच नाही, आणि तो विकणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं. आवाजाचा त्रास मात्र खूप कमी करता येतो. कित्येकांच्या बाबतीत तो इतका कमी होतो की दिवसचे दिवस आवाजाची आठवणही येत नाही.

पायरी १: आधी धोक्याच्या खुणा बघून घ्या

पुढचं सगळं वाचण्याआधी हे तपासा, कारण यातलं काही असेल तर मामला चिंतेचा किंवा गांजाचा नसू शकतो.

एका कानाचं ऐकू येणं अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोनतीन दिवसांत कमी झालं असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. यात स्टेरॉइडचे उपचार करतात आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत, जितके लवकर तितके उपयोगी पडतात. ‘मळ असेल, बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणून हीच वेळ हातची जाते.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर मनगटावर बोट ठेवून ताल जुळतो का बघा. जुळत असेल तर रक्तवाहिन्यांची तपासणी लागते. आवाज फक्त एकाच कानात असेल, सोबत गरगरत असेल, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झाला असेल, तरी तपासणी टाळू नका. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली किंवा बोलताना जीभ अडखळायला लागली, तर थेट तातडीच्या विभागात जायचं.

आणखी दोन गोष्टी आहेत. कानात शिट्टी किंवा गुणगुण न येता शब्द, वाक्यं, कुणीतरी बोलल्यासारखं किंवा हुकूम दिल्यासारखं ऐकू येत असेल, तर ते कान वाजणं नव्हे. गांजा त्याच क्षणी थांबवायचा आणि मानसोपचारतज्ज्ञाला गाठायचं. आणि आवाजाला कंटाळून जीव देण्याचे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा, जवळच्या माणसाला आत्ता सांगा आणि आजच्या आज रुग्णालयात किंवा मदतवाहिनीशी संपर्क करा. त्या अवस्थेवर उपचार होतात, आणि ती अवस्था ओसरल्यावर तोच आवाज वेगळा वाटायला लागतो.

पायरी २: आवाज आणि धास्ती यांची फारकत करा

वैद्यकीय भाषेत याला टिनिटस म्हणतात. प्रौढांपैकी साधारण १० ते १५ टक्के लोकांना तो असतो. बहुतेकांच्या बाबतीत सुरुवात आतल्या कानात होते. तिथे प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मोठा आवाज, वय किंवा काही औषधं यांमुळे त्यातल्या काही मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण झाला की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो. स्टेशन नीट लागत नाही म्हणून रेडिओचा आवाज वाढवावा आणि गाण्याऐवजी खरखरच मोठी व्हावी, तसं हे आहे. म्हणूनच श्रवणचाचणीत ‘नॉर्मल’ आलेल्यालाही टिनिटस असू शकतो. नेहमीची चाचणी २५० ते ८००० हर्ट्‌झ एवढीच पट्टी तपासते, आणि बारीकसारीक नुकसान त्यात दिसेलच असं नाही.

आता खरी मेख. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी, ऐकू येण्याची काहीही तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना आवाजबंद खोलीत काही मिनिटं बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना कसले ना कसले आवाज ऐकू आले: गुणगुण, शिट्टी, सूं. म्हणजे पूर्ण शांततेत कान देऊन बसलं, तर जवळजवळ सगळ्यांनाच काहीतरी ऐकू येतं.

ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, यंत्रावर टिनिटसची तीव्रता जुळवून बघतात तेव्हा ती बहुतेक वेळा त्या माणसाला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजापेक्षा थोडेच डेसिबल वर निघते. इतका बारीक आवाज एकाचं आयुष्य उधळून टाकतो आणि दुसरा त्याच आवाजासकट मजेत झोपतो. फरक पडतो तो मेंदू त्या आवाजाला काय समजतो यावर. पावेल यास्त्रेबोफ यांनी १९९० साली याची मांडणी केली: आवाज श्रवणकेंद्रात पोचतो, तिथून भावनांच्या केंद्रात जातो, तिथे ‘धोका’ असा शिक्का बसला की शरीर सावध होतं. छाती धडधडते, झोप उडते. सावध शरीर त्या आवाजावर आणखी पहारा देतं आणि पहाऱ्यामुळे तो आणखी ठळक होतो.

चिंता या चक्रात अशी शिरते. आवाज आपल्या ताब्यात नाही, शिक्का बराचसा आहे. पुढचे सगळे प्रयत्न त्या शिक्क्यावर करायचे आहेत. आवाजाशी थेट कुस्ती खेळणं म्हणजे पहारा वाढवणं.

पायरी ३: गांजाचा हात कुठे आणि किती, ते समजून घ्या

इथे दोन टोकाचे लोक भेटतात. एक म्हणतो गांजामुळेच कान गेले, दुसरा म्हणतो गांजा हेच त्यावरचं औषध. दोघांच्याही हातात पुरेसा पुरावा नाही.

ठाम माहीत आहे ते असं. गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, मेंदूतल्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) काम करतं, ते ग्राहक श्रवणमार्गावरही आहेत. उंदरांवरच्या प्रयोगांत टीएचसीसारख्या द्रव्यांनी टिनिटस कमी झाला नाही, काही प्रयोगांत तर वाढला. माणसांच्या सर्वेक्षणांत नियमित गांजा घेणाऱ्यांमध्ये टिनिटसची तक्रार जास्त दिसते. पण गांजामुळे कान वाजले की कान वाजतात, झोप येत नाही म्हणून गांजा वाढला, हे सर्वेक्षणातून कळत नाही. सीबीडी हे गांजातलंच, पण नशा न आणणारं द्रव्य; त्याच्या तेलाने टिनिटस बरा होतो याला भक्कम आधार नाही, आणि ‘टीएचसी नाही’ अशी पाटी असलेल्या बाटलीतही काही वेळा ते निघतं.

चिंतेशी गांजाचं नातं मात्र बरंच स्पष्ट आहे. थोड्या मात्रेत हलकं वाटतं, मात्रा वाढली की तेच द्रव्य धास्ती वाढवतं. ओढल्यावर काही मिनिटांत नाडी जलद होते. लक्ष आत वळतं: श्वास, ठोके, कान. तोंड कोरडं पडतं, काहींचे दात नकळत आवळले जातात. आधीच आवाजाची धास्ती असलेल्या माणसाला याहून वाईट मिश्रण कुठलं मिळणार? खाण्यातून घेतलेल्या गांजाचं तर आणखी अवघड, कारण त्याचा अंमल अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही चढतो. ‘काहीच होत नाहीये’ म्हणून माणूस आणखी घेतो आणि मग तासन्‌तास अडकून पडतो.

तरी ‘ओढलं की बरं वाटतं’ हा अनुभवही खोटा नसतो. रोज घेणाऱ्याच्या शरीरात काही तासांनी अंमल उतरला की चिडचिड, बेचैनी, झोपेची ओढाताण सुरू होते. पुढचा झुरका ती शमवतो. म्हणजे गांजा बऱ्याचदा स्वतःच निर्माण केलेली बेचैनी दूर करत असतो आणि श्रेय घेतो टिनिटस शांत केल्याचं.

पायरी ४: डॉक्टरांना सगळं सांगा, आणि नेमकं सांगा

जाण्याआधी एका कागदावर लिहा: आवाज कधी सुरू झाला, एका कानात की दोन्ही, सतत की अधूनमधून, त्याआधीच्या काही दिवसांत मोठा आवाज, ताप, नवं औषध, झोपमोड यातलं काय झालं. खाली गांजाचा हिशेब: कोणत्या स्वरूपात, दिवसातून किती वेळा, किती वर्षं, तंबाखू मिसळून की तशीच. औषधांची यादी द्या. मोठ्या मात्रेतली अ‍ॅस्पिरिन, जेंटामायसिन-अ‍ॅमिकासिनसारखी इंजेक्शनं, फ्युरोसेमाइड, सिस्प्लॅटिन यांचा कानावर परिणाम होऊ शकतो. यातलं काही चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, विचारा.

कानात मळ आहे का हे बघून घेणं आणि श्रवणचाचणी, एवढं प्रत्येकाचं व्हायला हवं. मळ घरी काडीने काढायला जाऊ नका. तो आत ढकलला जातो. दोन्ही कानांत सारखा आवाज असेल, ऐकू व्यवस्थित येत असेल आणि पहिल्या पायरीतलं काहीच नसेल तर एमआरआयची सहसा गरज नसते. भीतीपोटी ‘एकदा करूनच टाकू’ म्हणणारे पुढे प्रत्येक महिन्याला काही ना काही करूनच टाकत असतात.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. जिंको या झाडाचा अर्क, झिंक, मेलाटोनिन यांची टिनिटससाठी शिफारस अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत नाही. उलट देऊ नका असं म्हटलं आहे. बीटाहिस्टीन ही चक्करेवरची गोळी फक्त टिनिटससाठी देऊ नये, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२० साली सांगितलं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या चिंता शमवणाऱ्या गोळ्या घेतल्या की चारपाच तास स्वर्ग वाटतो, पण त्यांची सवय लागते आणि त्या सोडताना कान वाजू शकतात. चिंतेचा किंवा नैराश्याचा आजार वेगळा असेल तर त्यावर मानसोपचारतज्ज्ञाने दिलेली औषधं घ्यायला काहीच हरकत नाही. ती चिंतेसाठी आहेत, हे मात्र लक्षात ठेवा.

पायरी ५: गांजा थांबवा, पण पहिल्या पंधरवड्यात निकाल लावू नका

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण बहुतेक जण इथेच परत फिरतात.

रोज घेणाऱ्याने गांजा सोडला की पहिल्या एक ते तीन दिवसांत त्रास सुरू होतो: चिडचिड, अस्वस्थता, भूक मरणे, घाम, डोकेदुखी, झोप न येणे. पहिल्या आठवड्यात तो शिगेला पोचतो आणि दोन आठवड्यांत बराचसा ओसरतो. झोप आणि विचित्र, ठळक स्वप्नं मात्र महिनाभर किंवा त्याहूनही जास्त रेंगाळू शकतात, कारण गांजा स्वप्नांची झोप दाबून ठेवतो आणि तो गेल्यावर ती उसळून येते. मेंदूच्या स्कॅनवरच्या अभ्यासांत असं दिसलं की रोजच्या गांजाने कमी झालेले ग्राहक सोडल्यानंतर साधारण चार आठवड्यांत पूर्ववत होतात.

आता विचार करा: झोप नाही, अंगात बेचैनी, डोकं तापलेलं. अशा वेळी कानातला आवाज मोठा वाटणारच. तिसऱ्या-चौथ्या रात्री माणूस म्हणतो, ‘बघा, सोडला तर वाढलं! म्हणजे गांजानेच दाबून ठेवलं होतं.’ आणि पुन्हा सुरू करतो. पहिला झुरका घेताच बेचैनी जाते, त्यामुळे तर्क पक्का होतो. म्हणून सोडण्याच्या दिवशीच कागदावर लिहून ठेवा: ‘महिनाभर मी कानाबद्दल कोणताही निष्कर्ष काढणार नाही.’ मजकूर साधा आहे, पण रात्री तीन वाजता स्वतःशी वाद घालण्यापेक्षा स्वतःच्याच अक्षरातला कागद वाचणं सोपं पडतं.

एकदम सोडायचा की हळूहळू? दोन्ही चालतं. दिवसातून एकदोनदा घेणाऱ्याला तारीख ठरवून थांबणं सोपं जातं. सकाळपासून चालू असणाऱ्याने आधी दिवसाचा पहिला झुरका दर दोनतीन दिवसांनी दोन तास पुढे ढकलावा, मग दिवसाचे बंद करून फक्त संध्याकाळचा ठेवावा, मग त्याची मात्रा अर्धी करावी. तीनचार आठवड्यांहून जास्त लांबवू नका. नाहीतर ‘कमी करतोय’ हीच कायमची अवस्था होऊन बसते. घरात साठा ठेवू नका. ‘लागलाच तर’ म्हणून ठेवलेली पुडी लागतेच.

तंबाखू मिसळून ओढत असाल तर निकोटीनही त्याच दिवशी सुटतं आणि दोन्हींचा त्रास एकत्र येतो. निकोटीन पॅच किंवा गमबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. गांजाऐवजी सिगारेटी दुप्पट झाल्या तर फार काही साधलं नाही.

मित्रांमध्ये काय सांगायचं हा प्रश्न वरकरणी किरकोळ, पण अनेकांचं तिथेच बिनसतं. लांबलचक कारणं देऊ नका. त्यांच्यावर चर्चा होते, आणि चर्चेत तलफ जिंकते. ‘कानाचं औषध चालू आहे, सध्या बंद’ एवढं पुरतं. हे पूर्ण खरं नसलं तरी मला त्यात काही गैर वाटत नाही. पहिला महिना त्या बैठकांना न गेलेलंच उत्तम.

तलफ साधारण १५ ते ३० मिनिटांत ओसरते. त्या वेळात हात आणि पाय गुंतवा: आंघोळ, भरभर चालणं, भांडी घासणं, कुणाला तरी फोन. मोबाइल घेऊन पडून राहणं यात मोडत नाही.

काही जणांनी मात्र हे एकट्याने करू नये. दारू किंवा झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या रोज घेत असाल तर त्या अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते. त्यांचा क्रम डॉक्टरांनीच ठरवायचा. पूर्वी भास, संशय, उन्माद यांचा झटका येऊन गेला असेल, किंवा गांजा डॉक्टरांनीच एखाद्या आजारासाठी दिला असेल, तरी आधी विचारा. आणि दोनदा-तीनदा सोडूनही टिकत नसेल तर व्यसनमुक्तीचं समुपदेशन घ्या. गांजा सोडवण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेली गोळी नाही. समुपदेशन हाच त्यातला मुख्य उपचार आहे.

पायरी ६: शांतता टाळा

आवाज त्रास देतो म्हणून लोक शांत खोली शोधतात. उलट करा. आजूबाजूला हलका, एकसुरी, कंटाळवाणा आवाज असू द्या: पंखा, पावसाची ध्वनिफीत, समुद्राची गाज, खरखर. पट्टीचा फार विचार करू नका. जो विसरता येतो तो चांगला.

आवाजाची पातळी महत्त्वाची. टिनिटस पूर्ण झाकून टाकेल इतका मोठा लावू नका. हळूहळू वाढवत न्या आणि बाहेरचा व आतला आवाज एकमेकांत मिसळायला लागले की त्याच्या जरा खाली थांबा. टिनिटस किंचित ऐकू येत राहिला पाहिजे, कारण जो आवाज ऐकूच येत नाही त्याची सवय मेंदूला होणार कशी? रात्री हे इअरफोनपेक्षा खोलीतल्या स्पीकरवर करा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने दोन्ही कामं होतात: बाहेरचे आवाज परत येतात आणि आतला मागे सरतो. वय तरुण म्हणून नकार देऊ नका.

कानात बोळे घालण्याबाबत मधला मार्ग धरा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो, त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ अर्धी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. म्हणून मोठ्या संगीताच्या ठिकाणी, यंत्रांजवळ इअरप्लग हवेतच. पण रस्त्यावर, दुकानात, घरात ते घालून फिरलात तर कान आणखी हळवे होतात आणि भांड्याचा आवाजही सहन होईनासा होतो.

पायरी ७: तपासणं बंद करा

रात्री दीडची वेळ. दिवा बंद. माणूस पंखा बंद करतो, ‘आज किती आहे बघू’. मग उजवा कान उशीत दाबतो, डावा ऐकतो. कूस बदलतो, उलटं करतो. दोन्ही कानांत बोटं घालतो. आवाज मोठा येतो, कारण बाहेरचं सगळं बंद झालेलं असतं. पोटात गोळा येतो. मोबाइल उघडून ‘टिनिटस कायमचा’ असं शोधतो, आणि चार वाजेपर्यंत ज्यांचा बरा झाला नाही अशांच्याच गोष्टी वाचतो. ज्यांचा कमी झाला ते लिहायला येत नाहीत. ते विसरून गेलेले असतात.

या अडीच तासांत त्याने मेंदूला काय शिकवलं? हा आवाज इतका महत्त्वाचा आहे की त्यासाठी झोप सोडायची.

म्हणून नियम करा: बोटं घालून बघायचं नाही, बाथरूममध्ये जाऊन शांततेत ऐकायचं नाही, दोन कानांची तुलना नाही, रोजचे गुण लिहायचे नाहीत. हे पहिले काही दिवस फार जड जातं, कारण न बघितल्याने धास्ती आधी वाढते आणि मग उतरते. नोंद हवीच असेल तर महिन्यातून एकदा ‘टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी’ ही प्रश्नावली भरा. २५ प्रश्न, प्रत्येकाला हो, कधीकधी, नाही यांपैकी उत्तर. एकूण गुण १०० पैकी. ३६ पर्यंत त्रास सौम्य समजतात, ५८ किंवा त्याहून जास्त असतील तर तीव्र. ती आवाज किती मोठा आहे हे विचारत नाही, त्याने जगणं किती अडतं हे विचारते, म्हणून कामाची.

तपासायची उबळ आली की त्यामागचं वाक्य पकडा आणि लिहा. उदाहरणार्थ, ‘हे असंच वाढत जाणार आणि मला वेड लागणार.’ त्याच्यासमोर पुराव्याची बाजू लिहा: काल दुपारी कामात तासभर आवाज आठवला नव्हता, गेल्या आठवड्यात असाच वाढला होता आणि उतरला, टिनिटसने वेड लागत नाही. मग मधलं वाक्य: ‘आज झोप कमी झाली म्हणून ठळक आहे, उद्या बघू.’ उगाच गोड वाक्यं लिहू नका, मन ती मानत नाही. वर्तन आणि विचारांवरची ही पद्धत म्हणजे सीबीटी. टिनिटसचा त्रास कमी करण्यात आजवर सगळ्यात चांगला पुरावा तिच्याच बाजूने आहे, आणि चिंता व निद्रानाशालाही तीच लागू पडते. जमलं तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाबरोबर करा.

पायरी ८: धास्तीचा झटका आला तर

अचानक आवाज चढला, छाती धडधडली, आता काहीतरी होणार असं वाटलं, तर आधी बसा. पाय जमिनीला टेकवा. चार आकडे मोजत नाकाने श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. बाहेर जाणारा श्वास लांब असला की नाडी उतरते. झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जाऊन उतरायला लागतो. त्याला हटवायला जाऊ नका.

दिसणाऱ्या, शिवता येणाऱ्या, ऐकू येणाऱ्या गोष्टी मोजायचा एक लोकप्रिय उपाय सांगतात. कान वाजणाऱ्याने त्यातला ऐकण्याचा भाग वगळावा. डोळे आणि हात पुरेसे आहेत: पाच रंग शोधा, हातात गार पेला धरा. ध्यानाचंही तसंच. निःशब्द खोलीत डोळे मिटून बसलात तर आतला आवाज आणि तुम्ही, दोघंच उरता. सुरुवातीला पंखा लावून, डोळे अर्धवट उघडे ठेवून किंवा चालता चालता करा.

गांजाच्या अंमलात असताना झटका आला तर आणखी काही घेऊ नका, गाडी चालवू नका, दारू पिऊ नका, कुणाजवळ तरी बसा. छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा कुठे आहोत हेच कळेनासं झालं असेल तर रुग्णालयात जा, आणि काय घेतलं ते तिथे खरं सांगा.

पायरी ९: झोप, जबडा आणि मान

गांजाशिवाय झोप परत बसवायला वेळ लागतो. उठण्याची वेळ पक्की करा, रात्र कशीही गेली तरी. झोपण्याची वेळ पक्की करू नका. झोप आली की जा. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी नीरस करा आणि पुन्हा पेंग आली की परत या. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. दुपारी दोननंतर कॉफी नको, पण ती झोपेसाठी. कॉफी सोडल्याने टिनिटस कमी होतो असं तपासणीत दिसलेलं नाही. अचानक सोडली तर डोकं मात्र दुखतं. त्यामुळे गांजा आणि कॉफी एकाच आठवड्यात सोडण्याचा पराक्रम नको.

जबडा घट्ट आवळून, मान पुढे करून किंवा कानाच्या पुढे दाबून आवाज बदलतो का, हे एकदाच बघा. बदलत असेल तर त्यात स्नायूंचा वाटा आहे, कारण चेहऱ्याच्या आणि मानेच्या नसांचे धागे मेंदूतल्या श्रवणकेंद्राशी जोडलेले असतात. दात आवळायची सवय असेल तर दिवसभरात अधूनमधून जीभ टाळूला, दात एकमेकांपासून सुटे, ओठ मिटलेले, अशी ठेवण आणा. सकाळी जबडा दुखत असेल तर दंतवैद्याकडे जा; रात्रीसाठी ते प्लेट बनवून देतात. मानेसाठी फिजिओथेरपिस्ट.

पायरी १०: तीन महिन्यांनी

मधे आवाज अचानक वाढण्याचे दिवस येणार: सर्दी, जागरण, भांडण, प्रवास, कधी काहीच कारण नसताना. त्या दिवशी नवीन उपाय सुरू करू नका आणि जुना बंदही करू नका. पंखा लावा, ठरलेलं काम करा, गांजाच्या कागदावरचं वाक्य पुन्हा वाचा. वाढलेला आवाज सहसा काही दिवसांत पूर्वीच्या पातळीला येतो. दोन आठवडे झाले तरी उतरला नाही किंवा सोबत ऐकू कमी आलं, तर कान पुन्हा तपासून घ्या.

एखाद्या दिवशी पाय घसरून गांजा घेतलाच, तर ‘आता सगळंच मुसळ केरात’ म्हणून महिनाभर ओढत बसू नका. दुसऱ्या दिवशी या पायऱ्या जिथे सुटल्या होत्या तिथून पुढे.

तीन महिन्यांनी प्रश्नावली पुन्हा भरा. गुण खाली आले असतील तर हेच चालू ठेवा आणि आवाजाच्या फिती हळूहळू कमी करून बघा. आले नसतील तर तीन प्रश्न विचारा: गांजा खरोखर पूर्ण बंद होता का, तपासणं खरोखर थांबलं होतं का, आणि सीबीटी नुसती न वाचता खरोखर माणसाबरोबर केली होती का? तिन्हींचं उत्तर हो असेल, तर ऑडिओलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही पुन्हा भेटा, आणि या वेळी तिन्ही महिन्यांचे कागद सोबत न्या.